खाऱ्या टाकीतले ब्रिसल वर्म : मारण्याआधी मोजा

टाकीचे दिवे मालवून तास-दीड तास झाला होता. पाणी प्यायला उठलो आणि सहज मोबाइलचा टॉर्च काचेवर धरला. दगडाच्या फटीतून बोटभर लांबीचा, गुलाबट करडा, दोन्ही कडांना पांढऱ्या केसांची झालर असलेला एक किडा अर्धाअधिक बाहेर आला होता आणि रेतीवर पडलेला कोळंबीचा तुकडा आत ओढत होता. शेजारच्या फटीत आणखी दोघांची डोकी दिसत होती. मागे येऊन उभ्या राहिलेल्या सौभाग्यवतींनी एवढंच विचारलं, "मासे पाळतोय म्हणाला होतात ना?"

दुसऱ्या दिवशी दुकानात धावलो. "सगळं साफ होईल," म्हणत दुकानदाराने एक बाटली हातात दिली आणि मी ती घरी येऊन ओतली. किडे खरंच मेले. पण ते दगडांच्या पोटात मेले, जिथे ना हात पोचतो ना नळी. दोन दिवसांत पाणी दुधाळ झालं, अमोनिया चढला आणि तीन वर्षं सांभाळलेली क्लाउनफिशची जोडी गेली. त्या किड्यांनी तोवर माझ्या एकाही माशाला धक्का लावला नव्हता.

खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्याच्या वाट्याला अशी रात्र कधी ना कधी येतेच. ती आली की काय करायचं, याचा क्रम त्या चुकीनंतर मी ठरवून टाकला आहे. आधी ओळखायचं, मग मोजायचं, मग अन्नाला आवर घालायचा आणि तरीही गरज उरली तरच पकडायचं. औषध या यादीत नाही.

हे आहेत तरी कोण?

ब्रिसल वर्म हे गांडुळाचे आणि जळवेचे समुद्रातले भाऊबंद. शास्त्रात या गटाला पॉलिकीटा म्हणतात, म्हणजे पुष्कळ केसांचे. यात दहा हजारांहून अधिक जाती आहेत. शरीर वळ्यावळ्यांचं असतं, प्रत्येक वळ्याला दोन्ही बाजूंना वल्ह्यासारखे आखूड पाय आणि त्या पायांवर केसांचे झुबके. दुकानात आपण हौसेने विकत घेतो तो पिसाऱ्यासारखा फेदर डस्टर आणि प्रवाळावर रंगीत झाडासारखा उभा असणारा ख्रिसमस ट्री वर्म, हे दोघेही याच गटातले. एकाला पाहुणा म्हणायचं आणि दुसऱ्याला चोर, हा भेद आपला.

टाकीत ते येतात लाइव्ह रॉकच्या, म्हणजे समुद्री जीवांसकट मिळणाऱ्या दगडाच्या छिद्रांतून, ओल्या रेतीतून किंवा एखाद्या मित्राने प्रेमाने दिलेल्या कोरलच्या (प्रवाळाच्या) बुंध्याला चिकटून. कोरडा दगड वापरून टाकी उभी केली, तरी पहिल्या कोरलबरोबर एखाद-दुसरा येतोच.

आल्यावर ते करतात काय? माशांची विष्ठा, दगडामागे सडणारं खाद्य, मेलेली गोगलगाय, कुजणारं शेवाळ, जे जे आपल्या हाताला लागत नाही ते फस्त करतात. रेतीत फिरताना ती उकरतात. थोडक्यात, रात्रपाळीचे सफाई कामगार.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. सकाळी मासा मेलेला दिसतो, त्याला ब्रिसल वर्म लगडलेले असतात आणि आपण समजतो यांनीच मारला. बहुतेक वेळा मासा आधी मेलेला किंवा मरणपंथाला लागलेला असतो. त्याच्या वासाने हे नंतर जमा होतात. कोरल किंवा शिंपल्याच्या बाबतीतही तेच. अशा सकाळी किड्यांच्या मागे लागण्याआधी अमोनिया, नायट्राइट, क्षारता आणि तापमान तपासा. खरा गुन्हेगार बहुधा त्या चाचण्यांत सापडतो.

आधी ओळख पटवा

सगळे निरुपद्रवी नसतात, म्हणून पहिलं काम ओळखीचं. टाकीत पुढील मंडळी दिसू शकतात.

*नेहमीचा ब्रिसल वर्म.* गुलाबट, करडा किंवा तपकिरी, दोन-तीन सेंटीमीटरपासून वीतभरापर्यंत. कडेला सारखी पांढरी झालर. प्रकाश पडला की झटकन आत पळतो. युरिथो कॉम्प्लनाटा ही यातली टाक्यांमध्ये सर्रास आढळणारी जात. हा राहिला तर बिघडत नाही.

*दाढीवाला फायर वर्म, म्हणजे हर्मोडिस कारुंक्युलाटा.* अंगाने जाड आणि चपटा, पांढऱ्या केसांच्या झुबक्यांच्या बुडाशी लालसर कल्ले, डोक्यावर घडी घातल्यासारखा मांसल उंचवटा. हा जिवंत प्रवाळ खातो. फांदीचं टोक तोंडात घेऊन बसतो आणि मागे पांढरं पडलेलं टोक सोडून जातो. हा मूळचा अटलांटिक, कॅरिबियन आणि भूमध्य समुद्रातला, त्यामुळे आपल्याकडच्या हिंदी-प्रशांत महासागरातल्या दगडांत तो सापडण्याची शक्यता कमी. तरीही रात्री कोरलवर चढून बसलेला जाडजूड केसाळ किडा दिसला, तर जात कुठलीही असो, त्याला बाहेरचा रस्ता दाखवा.

*युनिस कुळातले किडे.* केस जेमतेम दिसतात, अंगावर तेलाच्या तवंगासारखी इंद्रधनुषी चमक, डोक्यावर पाच शिंगं आणि मजबूत जबडे. लहान असताना बहुतेक त्रास देत नाहीत, पण मोठे झाले की कोरल कुरतडतात आणि काही मासेही धरतात. याच कुळातला बॉबिट वर्म जपानमध्ये २९९ सेंटीमीटर लांबीचा सापडला होता, त्याला ६७३ वळी होती. इंग्लंडमधल्या न्यूकी इथल्या ब्लू रीफ अ‍ॅक्वेरियममध्ये २००९ साली कोरल आणि मासे जखमी होऊ लागले. शेवटी कर्मचाऱ्यांनी सगळी आरास मोडून दगड एकेक करून बाहेर काढले, तेव्हा चार फुटी किडा हाती लागला. त्याचं नाव त्यांनी बॅरी ठेवलं. दगडातून लपूनछपून आलेला पाहुणा किती वाढू शकतो, याचा हा नमुना.

*नारिंगी, केस नसल्यासारखा दिसणारा, चिकट स्राव सोडणारा किडा.* गोगलगायी आणि शिंपले एकामागून एक रिकामे होऊ लागले असतील, तर याला शोधा. ओएनोने फुलजिडा नावाचा हा किडा त्यांच्यावरच जगतो.

*किडा नसलेला किडा.* फटीतून बाहेर वळवळणारा, सापासारखा हात बऱ्याचदा ब्रिटल स्टारचा असतो. तो तारामाशाचा नातेवाईक आणि टाकीचा मित्र. दगडाबाहेर पांढरे दोरे पसरून बसलेला स्पॅगेटी वर्मही निरुपद्रवी. चिमटा चालवण्याआधी नीट पाहा.

शंका असेल तर फोटो काढा. डोकं आणि केसांचं बूड दिसेल असा एक फोटो दहा वर्णनांपेक्षा उपयोगी पडतो.

मोजा आणि लिहून ठेवा

साखर सांडली की मुंग्या येतात. मुंग्यांवर पावडर मारून दोन दिवस बरं वाटतं, पण डब्याचं झाकण उघडंच असेल तर त्या पुन्हा हजर. ब्रिसल वर्मचं गणित अगदी हेच आहे. टाकीत जितकं खाद्य उरतं, तितकेच किडे तिथे पोसले जातात. म्हणून त्यांची संख्या हा तुमच्या हातून सांडणाऱ्या अन्नाचा हिशेब समजा.

मोजण्यासाठी टॉर्चला लाल जिलेटीन कागद रबराने गुंडाळा. लाल उजेडाने ते पांढऱ्या उजेडाइतके बिचकत नाहीत. दिवे मालवल्यावर एक तासाने, दर आठवड्याला एकाच वारी, टाकीच्या त्याच बाजूने पाच मिनिटं पाहा. किती दिसले आणि सर्वांत मोठा केवढा, हे वहीत लिहा. तीन-चार आठवड्यांच्या नोंदी झाल्या की चित्र स्पष्ट होतं.

आकडा स्थिर असेल तर काही करू नका. वाढत असेल तर अन्नाकडे बघा. दिवसाढवळ्या, खाद्य टाकल्याबरोबर ते बाहेर येऊ लागले असतील, तर आता आवर घालायची वेळ आली.

अन्नाला आवर

गोठवलेलं खाद्य, मग ते दुकानातून आणलेलं मायसिस असो वा घरी चिरलेली कोळंबी, थेट बर्फासकट टाकीत टाकू नका. वाटीत थोड्या पाण्यात विरघळवा, चहाच्या गाळणीत ओता, नळाखाली न धरता आरओच्या पाण्याने धुवा आणि मगच टाका. त्या गढूळ रसातलं माशांच्या पोटात काही जात नाही. तो सगळा किड्यांच्या आणि शेवाळाच्या वाट्याला जातो.

दोन मिनिटांत संपेल इतकंच द्या. बहुतेक मोठ्या माशांना दिवसातून एकदा पुरतं. सतत चरणारे, लहान तोंडाचे मासे असतील तर तेवढंच दोन-तीनदा विभागून द्या. तळाशी काही पडलं तर नळीने लगेच ओढून घ्या.

मराठी घरात खरी अडचण वेगळीच असते. सकाळी आजोबा चिमूटभर टाकतात, दुपारी शाळेतून आलेली मुलगी टाकते, संध्याकाळी "आज माशांना काही दिलं का रे?" म्हणून आजी टाकते. प्रत्येकाचं चिमूटभरच असतं, पण टाकीचं जेवण तिप्पट होतं. आमच्या घरी यावर एकच उपाय चालला. औषधांच्या गोळ्यांची वारांच्या कप्प्यांची डबी आणली आणि कोरडं खाद्य रविवारी सात कप्प्यांत भरून ठेवलं. आजचा कप्पा रिकामा असेल तर मासे जेवले. गणपतीला गावी जाताना शेजाऱ्यांकडे डबा सोपवू नका. रोजच्या पुड्या बांधून द्या आणि उरलेलं खाद्य कपाटात ठेवा. "भूक लागली असेल बिचाऱ्यांना" या दयेने मारलेले मासे उपासाने मेलेल्यांपेक्षा जास्त असावेत.

सोबत सफाईही हवी. स्किमरचा, म्हणजे फेसाबरोबर घाण बाहेर काढणाऱ्या यंत्राचा, कप दर दोन-तीन दिवसांनी धुवा. फिल्टरचा स्पंज आणि जाळीची पिशवी आठवड्यातून दोनदा बदला किंवा धुवा. तिथे अडकलेलं अन्न काढलं नाही तर ते पाण्यातच विरघळतं. दगडांच्या मागे, जिथे प्रवाह पोचत नाही, तिथे छोटा पंप फिरवून घाण उडवा आणि पाणी बदलताना ती ओढून घ्या. नायट्रेट दर आठवड्याला तपासत राहा. अन्न आवरल्यावर तो हळूहळू खाली येताना दिसला, की वाट बरोबर आहे असं समजा.

किडे एका रात्रीत कमी होणार नाहीत. अन्न आटलं की वाढ थांबते, मग संख्या उतरते. महिना-दोन महिने धीर धरा. खाद्यही एकदम अर्धं करू नका. आठवड्या-आठवड्याने कमी करत न्या. भुकेले किडे एकदम मोठ्या संख्येने मेले तर तेच पाणी बिघडवतील.

पकडायचेच असतील तर

मोठे झालेले किंवा नको त्या जातीचे किडे काढण्यासाठी सापळा हा सर्वांत सोपा मार्ग. औषधाच्या गोळ्यांची रिकामी प्लास्टिकची डबी घ्या, स्वच्छ धुवा, बाजूंना पाच-सहा मिलिमीटरची चार-पाच भोकं पाडा. आत कोळंबीचा लहान तुकडा जुन्या नायलॉनच्या मोज्याच्या कापडात बांधून ठेवा. किडे कापडातून खाण्याचा प्रयत्न करतात आणि त्यांचे केस त्या धाग्यांत अडकतात. डबी बुडावी म्हणून आत एक दगडाचा तुकडा टाका. धातूचं काही नको, खारं पाणी ते गंजवतं.

दिवे मालवताना सापळा दगडाच्या बुडाशी ठेवा आणि दोन-तीन तासांनी काढा. सकाळपर्यंत ठेवलात तर जेवून पाहुणे घरी गेलेले असतात. आठवड्यातून दोन रात्री पुरेत.

चिमट्याने धरताना लांब, प्लास्टिकचा चिमटा वापरा आणि किडा पूर्ण बाहेर आल्याशिवाय ओढू नका. तुटलेला तुकडा मरेलच असं नाही. युरिथो तर तुकड्यांतून पुन्हा अख्खा वाढू शकतो, म्हणजे एकाचे दोन करण्याचं काम आपणच करतो. युनिससारखा मोठा किडा फटीत घट्ट बसलेला असेल तर त्याच्याशी रस्सीखेच खेळू नका. तो ज्या दगडात आहे तो दगडच रात्री, किडा आत असताना, उचलून खाऱ्या पाण्याच्या बादलीत घ्या. मग दगड बादलीवर धरून त्याच्या छिद्रात साधं सोडा वॉटर सिरिंजने सोडा. गुदमरून तो बाहेर येतो. हे काम टाकीच्या आत कधीही करू नका.

पकडलेले किडे खाडीत, समुद्रात किंवा नाल्यात सोडू नका. कुठल्या समुद्रातून आले हे माहीत नसलेले जीव आपल्या किनाऱ्यावर सोडणं हा नवा प्रश्न निर्माण करणं आहे. फ्रीझरमध्ये ठेवून मग कचऱ्यात टाका.

किडे खाणारे जीव

सिक्सलाइन रास, मेलॅनुरस रास, कोरल बँडेड कोळंबी आणि अ‍ॅरो क्रॅब हे लहान ब्रिसल वर्म खातात. पण ते फक्त किडे खायला टाकीत येत नाहीत. सिक्सलाइन रास छोट्या टाकीत नंतर आलेल्या माशांना छळतो. मेलॅनुरसला झोपायला रेतीचा थर आणि उघड्या टाकीवर जाळी लागते, कारण तो उडी मारतो. कोरल बँडेड कोळंबी दुसऱ्या कोळंब्यांना आणि अगदी लहान माशांना सोडत नाही. अ‍ॅरो क्रॅब मोठा झाला की त्याची भूकही मोठी होते.

दोन फुटी टाकीत यातलं काहीही किड्यांसाठी म्हणून आणू नका. तो जीव तुम्हाला एरवीही पाळायचा असेल, जागा आणि जोडीदार जुळत असतील, तर मग किडे खाल्ले हा वरचा फायदा. वीतभर वाढलेल्या किड्याला मात्र बहुतेक जण तोंड लावत नाहीत.

काटे टोचले तर

कोकणात वाढलेल्याला खाजकुयली ठाऊक असते. ब्रिसल वर्मचे केसही तसेच. फायर वर्मच्या कुळात ते चुनखडीचे, पोकळ आणि ठिसूळ असतात. कातडीत शिरून तुटतात आणि तिथेच राहतात. आग, खाज, लालसरपणा, सूज येते आणि काही तासांपासून काही दिवसांपर्यंत टिकते.

टोचल्यावर चोळू नका. चिकटपट्टी त्या जागी हलक्या हाताने दाबून ओढा. दोन-तीनदा नवी पट्टी वापरा. मग व्हिनेगरमध्ये बुडवलेला कापूस ठेवा, त्याने चुनखडीचे केस विरघळायला मदत होते. ते हात डोळ्यांना लावू नका. चेहऱ्यावर सूज आली, धाप लागली किंवा जखम चिघळली तर थेट डॉक्टरकडे जा.

यापेक्षा बरं म्हणजे टाकीत हात घालताना जाड रबरी हातमोजे घालणं. जेवण वाढण्याचे पातळ प्लास्टिकचे हातमोजे इथे कुचकामी. दगड उचलताना खालून, फटींत बोटं घालू नका. बहुतेकांना डंख तिथेच बसतो.

औषध ओतलंच असेल तर

कोणी आधीच औषध टाकून बसला असेल तर घाबरू नका, पण वेळ घालवू नका. आधी अमोनिया तपासा. मिसळून, गरम करून तयार ठेवलेल्या खाऱ्या पाण्याने २५ ते ३० टक्के पाणी बदला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बदला. फिल्टरमध्ये नवा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन घाला, स्किमर पूर्ण चालवा, हवेचा पंप जोडा. दुसरी तयार टाकी असेल तर मासे तिकडे हलवा. मेलेले किडे दिसतील तेवढे ओढून घ्या. माझ्याकडे त्या रात्री जास्तीचं खारं पाणी तयार नव्हतं. आता एक बादली कायम झाकून तयार असते.

दारातच गाळणी लावा

नवीन दगड किंवा कोरल थेट मुख्य टाकीत टाकू नका. हीटर आणि छोटा पंप लावलेल्या बादलीत किंवा जुन्या टाकीत ते चार आठवडे ठेवा आणि रात्री सापळा लावा. कोरल ज्या बिल्ल्यावर चिकटवलेला असतो तो बिल्ला शक्य असेल तर तोडून टाका आणि नव्या बिल्ल्यावर लावा. बरेच किडे त्याच्या बुडाशीच राहतात. कोरलसाठी मिळणारं डुबकीचं औषध वापरायचं असेल तर त्याच्या सूचनेप्रमाणे, वेगळ्या भांड्यात. कोरल नसलेला दगड तापमान जुळवलेल्या गोड्या पाण्यात काही मिनिटं बुडवला की आतले किडे बाहेर पडतात, पण दगडातले उपयोगी जिवाणूही मरतात. म्हणून चालू टाकीतल्या दगडांना हा प्रयोग करू नका.

आणि दगड कुठून आणता, याकडेही लक्ष द्या. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार दगडी प्रवाळ अनुसूची १ मध्ये संरक्षित आहेत. मालवणच्या समुद्रात डुबकी मारताना हाताला लागलेला प्रवाळाचा तुकडा, जिवंत असो वा मेलेला, घरी आणणं हा गुन्हा आहे. दुकानदाराकडून घेताना पावती मागा. सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे बनवलेले दगड आज सहज मिळतात, त्यांवर उपयोगी जिवाणू वसतात आणि त्यांतून बॅरीही येत नाही.

क्लाउनफिशची नवी जोडी आणली, त्याला आता दोन वर्षं झाली. दर रविवारी रात्री लाल कागद लावलेला टॉर्च घेऊन मी टाकीसमोर बसतो आणि वहीत आकडा लिहितो. गेल्या रविवारी सहा होते, त्याच्या आधीच्या रविवारी सात. सापळा सहा महिने कपाटातून बाहेर आलेला नाही. तुमच्या टाकीतही आज रात्री मोजून बघा, आणि आकडा जास्त आला तर उद्या सकाळी औषधाच्या बाटलीऐवजी खाद्याचा डबा उघडून बघा.